काचेचा पंचनामा

परतीचा पाऊस आला की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, काय सुंदर हवा पडलीय, ऊन-पावसाचा खेळ चाललाय, डोंगरावर सोनकी फुललीय. फुलू दे. मी आधी काच बघते. दिसेल त्या गाडीची समोरची काच, ओळखीच्याची असो की परक्याची. कर्जतच्या बाजारात भाजीची पिशवी हातात घेऊन उभी असले तरी शेजारी लागलेल्या गाडीच्या काचेवर माझं बोट फिरतं आणि मग ते बोट मी नाकाशी नेते. एकदा एका गृहस्थांनी मला तसं करताना पकडलं. "काय बघताय बाई?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला काय दिसत नसेल ते." त्यांना राग आला. येऊ दे.

काल संध्याकाळीच पाहा. बाजारातून घरी येताना रस्त्याच्या कडेला एक भलीमोठी गाडी उभी होती. सुट्टीला फार्महाऊसवर येतात तसल्या मंडळींची. नुकतेच चार थेंब पडून गेले होते. आतला माणूस खाली उतरला, खिशातून हातरुमाल काढला आणि काच कोरडीच घासायला लागला. वाटेत खडीच्या डंपरमागून आला असणार, काचेवर दगडाची पूड बसलेली, आणि हा त्यावर रुमाल गोल गोल फिरवतोय. अशाने काचेला चरे पडतात आणि पडले की जात नाहीत. अंधारात समोरून गाडी आली की त्या प्रत्येक चऱ्यात उजेड भरतो. आत मुलांना सिनेमा बघायला पडदा होता, वासाची बाटली होती, आरशाला काहीतरी झुलत होतं. ज्यातून रस्ता बघायचा ती काच पुसायला मात्र एक ओलं फडकं नव्हतं. मी जवळ जाऊन "आधी पाणी ओता" एवढंच सांगितलं. मी वर्गणी मागायला आले असावे अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल फिरवतच राहिला.

आषाढातल्या पावसाशी माझं भांडण नाही. तो धो धो कोसळतो, काच धुऊन नेतो. त्यात दिसत नाही ते पावसामुळे, हे कुणालाही कळतं, आणि माणूस गाडी बाजूला घेऊन थांबतो. परतीचा पाऊस तसा सरळ नाही. दुपारभर कडकडीत ऊन. रस्त्यावरचा चिखल वाळतो, त्याची धूळ होते, ती उडून काचेवर बसते. मग संध्याकाळच्या तोंडाला माथेरानच्या अंगाने आभाळ काळं होतं, थोडं गडगडतं आणि धुळीचा लगदा होईल इतकेच थेंब पडतात. भातं पिवळी पडत आलेली असतात, त्यांचा गोडसर वास गाडीत येतो. तिन्हीसांजा झाल्या की शेतातले तुडतुडे दिव्यांच्या उजेडाला येतात, काचेवर आपटतात आणि हिरवट चिकट ठिपके सोडून जातात. वायपर फिरला की लगदा आणि ठिपके एक होतात आणि काचेवर दुधाच्या सायीसारखा थर पसरतो. त्यात समोरून गाडी आली की तिचे दोन दिवे वेगळे दिसतच नाहीत. नुसता उजेड दिसतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेने चालणारं माणूस, सायकल, रस्त्याची कड, सगळं त्या उजेडात नाहीसं होतं.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, बाईंना गाड्यांचा शौक दिसतो. अजिबात नाही. मी कशेळ्याच्या शाळेत मराठी शिकवते. गाडी या वस्तूबद्दल मला कधी प्रेम नव्हतं. मला राग आहे तो एका अश्विन महिन्याचा, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

माझे वडील, आप्पा, जन्मभर खालापूरच्या कोर्टात वकिली करून निवृत्त झाले. काळा कोट कपाटात गेला, पण आमची छोटी पांढरी गाडी त्यांनी सोडली नाही. दर गुरुवारी दुपारी जेवण झालं की ते कर्जतहून निघायचे आणि पळसदरी, खोपोली करत हायवेवरच्या कुंभिवलीला जायचे, दाऊदभाईंकडे. दाऊदभाईंची तिथे लाकडाची वखार. जमिनीच्या एका दाव्यात ते आप्पांचे अशील होते. दावा निकालात निघाला, मैत्री राहिली. पुढे दाऊदभाईंना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, वखार मुलाने हातात घेतली आणि त्यांचं घराबाहेर पडणं संपलं. तेव्हापासून आप्पांचा गुरुवार पक्का झाला. दोघं बुद्धिबळाचा पट मांडून बसायचे. दाऊदभाई चांगल्या हाताने प्यादं पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "वकील, आता पुढची तारीख मागू नका." आप्पा तरी मागायचेच. चहा व्हायचा, डाव अर्धा राहायचा, पट तसाच कपाटावर उचलून ठेवला जायचा आणि दिवेलागणीला आप्पा परत निघायचे.

त्या वर्षी मृग लागला आणि आप्पांनी एकच धोशा लावला. "काच पुसली जात नाहीये," ते म्हणायचे. "वायपर फिरतो, पण पुसत नाही. उलट माखतो."

आई म्हणाली, "आधी चष्मा पुसा." माझा मोठा भाऊ, दादा, कर्जतच्या घरात आई-आप्पांबरोबर राहतो. त्याने गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने वायपरची पाती बदलली. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. गॅरेजवाला म्हणाला, "काच जुनी झाली साहेब, काचच बदलून टाका." काच म्हणजे काय चपला आहेत, झिजायला? त्याने त्या काचेवर एकदा बोट फिरवून पाहिलं नाही. दादाने त्यालाही मान डोलावली आणि आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने नजर चांगली आहे. मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण एवढ्यात काही करायला नको." या वाक्यातलं "चांगली आहे" घरात कुणाला ऐकू आलं नाही. "वय" तेवढं सगळ्यांना ऐकू आलं.

आणि मग भाद्रपदात, गणपती नुकतेच गेलेले असताना, एका गुरुवारी संध्याकाळी आप्पा कुंभिवलीहून परत येत होते. पाऊस भुरभुरत होता. पळसदरीच्या अलीकडे समोरून डंपर आला, त्याने दिवे काही खाली केले नाहीत. आप्पांनी वेग कमी केला, गाडी डावीकडे घेतली आणि त्या उजेडात रस्त्याची कड न दिसल्यामुळे दोन चाकं उतरून भाताच्या शेतात गेली. कुणाला लागलं नाही. भात पोटरीला आलेलं होतं, त्यातलं थोडं चाकांखाली गेलं. शेतकरी बॅटरी घेऊन धावत आला.

"आबा, लागलं नाय ना तुमाला?"

"नाही रे बाबा. तुझ्या भाताचं मात्र नुकसान केलं मी."

"भाताचं ऱ्हाऊं द्या वं. रस्ता दिसला नाय का?"

"काच पुसली जात नव्हती," आप्पा म्हणाले.

शेतकरी भला माणूस होता. त्याने चार जणांना हाका मारल्या, सगळ्यांनी मिळून गाडी वर ढकलली. पण ढकलता ढकलता तो शेजारच्याला म्हणाला, "नजर गेलीय रं आबांची." आप्पांनी ते ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, अगदी हे वाक्यसुद्धा. वकिलाने आपल्याविरुद्धची साक्ष आपल्याच तोंडाने द्यावी, यापेक्षा प्रामाणिकपणा तो काय असायचा. आणि त्याचा उपयोग काय झाला, तर दादाने गाडीची किल्ली उचलून आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवली.

मी तेव्हा आठवडाभर कशेळ्याला खोली घेऊन राहायचे, शनिवार-रविवार कर्जतला यायचे. दादाने मला फोनवर सांगितलं. "आप्पांचं गाडी चालवणं बंद. तू मध्ये पडू नकोस." तो घाबरला होता, हे मला कळत होतं. बाप शेतात उतरला, उद्या नदीत उतरेल, ही भीती खोटी नव्हती. पण भीती खरी असली म्हणून निकालही खरा ठरतो का? कोर्टात चोरालासुद्धा बोलू देतात. आमच्या घरात आप्पांचा पंचनामा झाला. वय किती, चष्म्याचा नंबर किती, मोतीबिंदू कुठवर आला, परवा चहात साखर दोनदा कशी घातली, सगळं निघालं. काचेचा पंचनामा कुणी केला नाही. ज्या वस्तूबद्दल हा माणूस मृगापासून कानीकपाळी ओरडत होता, ती वस्तू अंगणात उभी होती. तिच्याकडे एकानेही जाऊन पाहिलं नाही. म्हातारं माणूस एखाद्या वस्तूची तक्रार करायला लागलं की आपण वस्तू तपासत नाही, माणूस तपासतो. नळ गळतोय म्हणालं तर आपण विचारतो, नीट बंद केलात का. फोनवर ऐकू येत नाही म्हणालं तर आपण मोठ्याने बोलतो, फोन तपासत नाही.

किल्ली गेल्यावरही गुरुवारी जेवण झालं की आप्पा बाहेर जायचा शर्ट घालायचे. घालून ओट्यावर बसायचे. एका गुरुवारी ते रिक्षाने कुंभिवलीला गेले, पण रिक्षावाला बाहेर उभा राहून हॉर्न वाजवायला लागला आणि डाव ऐन रंगात असताना उठावं लागलं. पुढच्या गुरुवारी दाऊदभाईंचा फोन आला, तेव्हा सुट्टी होती म्हणून मी शेजारीच होते. पलीकडचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"वकील, पट मांडून बसलोय. चाल तुमची हाय."

"गाडी कामाला गेलीय दाऊदभाई," आप्पा म्हणाले. "येतो पुढच्या गुरुवारी."

"तुमी या. मी काय पळून जात नाय."

आप्पांनी फोन ठेवला. गाडी समोर अंगणात उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी त्याच महिन्यात कर्जतला राहायला आले. कशेळ्याला रोज जाऊन-येऊन करायचं ठरवलं. गाडी पडून आहे तर तू वापर, असं दादाच म्हणाला. आता गंमत बघा. बापाला जी गाडी धोक्याची, ती बहिणीला चालते. कारण दोष गाडीत नाहीच, हे ठरून गेलेलं.

पहिल्याच संध्याकाळी मला परतीच्या पावसाने कशेळ्यातच गाठलं. शाळेतून निघून बाजारापर्यंत आले, थेंब पडायला लागले, मी वायपर लावला आणि पुढचं सगळं दिसेनासं झालं. अतिशयोक्ती करत नाही. समोरून जीप येत होती एवढं कळलं, ती कुठून कुठवर आहे ते कळेना. मी गाडी बाजूला घेतली. भीती जरा ओसरल्यावर जे वर आलं ते रडू नव्हतं, संताप होता. हेच. हेच ते सांगत होते मृगापासून. मी खाली उतरले आणि पाण्याची बाटली काचेवर ओतली. पाणी पसरेना. तेलकट ताटावर राहतं तसं थेंब थेंब होऊन उभं राहिलं. शेजारच्या जीपचा ड्रायव्हर सवारी भरत होता. त्याने मान बाहेर काढून सल्ला दिला, "बाई, तंबाखू चोळा काचंला. पानी थारत नाय मग." मी म्हटलं, "भाऊ, आधीच काय चोळलंय ते तरी कळू दे." बोट फिरवलं, नाकाशी नेलं. खोबरेलाचा वास होता. गाडीच्या काचेला खोबरेल कुठून आलं ते मला काही केल्या कळेना.

रविवारी मी सकाळी पदर खोचला. भांडी घासायचा साबण कोमट पाण्यात कालवून काच घासली, स्वच्छ पाण्याने धुतली, पुन्हा घासली, पुन्हा धुतली. वाळल्यावर जुन्या वर्तमानपत्राने पुसली. काच अशी झाली की पलीकडचा पारिजातक जवळ सरकल्यासारखा वाटला. मग मोठ्या समाधानाने मी पाणी मारून वायपर फिरवला आणि पुन्हा तोच थर उमटला. तेल नुसतं काचेवर नव्हतं, वायपरच्या रबरात मुरलं होतं. काच हजारदा धुवा, वायपर पहिल्याच फेरीत तिला पुन्हा तेल लावणार. मी साबणाचं फडकं घेऊन ती रबरं पुसत बसले. फडकं काळं व्हायचं, धुवायचं, पुन्हा पुसायचं, फडकं पांढरं राहीपर्यंत. त्यानंतर वायपर फिरला तो करकर आवाज करत फिरला, पण मागे स्वच्छ काच ठेवून गेला.

मी आत जाऊन आप्पांना आणि दादाला सांगितलं की दोष काचेचा होता. आप्पांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण दादा म्हणाला, "तुला दिसलं, कारण तुझे डोळे चांगले आहेत." मला कशेळ्याला दिसलं नव्हतं, हे मी त्याला सांगत होते. त्याला ऐकायचं नव्हतं. आणि आठवडा अर्धा जातो न जातो तोच काच पुन्हा माखली. आता मात्र माझीच पंचाईत झाली. दादा म्हणाला, "बघ, म्हणजे काच नव्हतीच." मी डंपरना शिव्या घातल्या, खडीला घातल्या, बाजारात मिळणाऱ्या वायपरना घातल्या. खोबरेल या सगळ्यांपैकी कशातूनच येत नाही, हे दिसत असून घातल्या.

मग एका सकाळी शाळेला लवकर जायचं होतं म्हणून मी उजाडता उजाडता बाहेर आले. आई अंगणात होती. हातात वाटी, वाटीत कापसाचा बोळा. कर्जतचा पाऊस लोखंड खातो. पावसाळ्याचे चार महिने आईची ही खोबरेलाची वाटी घरभर फिरत असते. फाटकाची कडी, खिडक्यांचे गज, कुलपं, शिवणयंत्र, विळी, कुणालाही ती उपाशी ठेवत नाही. मी बघत उभी राहिले. तिने फाटकाच्या बिजागऱ्यांना बोळा लावला, मग कडीला लावला, मग सावकाश गाडीपाशी आली, वायपर हळूच उचलला आणि त्याच्या दांडीला, स्क्रूला आणि खालच्या रबराला वरपासून खालपर्यंत तेलाचा हात दिला. उरलेला बोळा तिने काचेवर पुसला.

"आई, हे काय करतेस?"

"करकरतो गं तो," आई म्हणाली. "मृगाच्या आधी हेच म्हणाले होते, कानाला त्रास होतो म्हणून. तेव्हापासून लावते. एकदा लावलं की आठवडाभर गप्प असतो."

मी तशीच आत गेले आणि आप्पांना उठवून सगळं सांगितलं. ते अंथरुणावर बसून ऐकत होते.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"शेतात गाडी गेली त्या दिवशी ती रात्रभर बसून होती. आपल्या हाताने झालं हे कळलं तर तिला सहन व्हायचं नाही."

"आणि तुमची किल्ली?"

"राहू दे. वय तर झालंच आहे."

मला आप्पांचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता. ज्या माणसाने लोकांचे दावे भांडून भांडून जिंकून दिले, तो स्वतःच्या दाव्यात हातातला पुरावा दाबून ठेवत होता. त्यांना काय झेपेल, काय झेपणार नाही, हे घराने त्यांना न विचारता ठरवलं होतं. आता आईला काय झेपेल ते आप्पा तिला न विचारता ठरवत होते. प्रेमाने ठरवत होते, हे कबूल. पण दादानेसुद्धा प्रेमानेच ठरवलं होतं. मी गप्प राहायचं मान्य केलं, आणि ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी शाळेला निघायच्या आधी रबरं पुसायचे, आणि मधेच एखाद्या दिवशी आई पुन्हा वाटी घेऊन बाहेर आलेली असायची.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर सगळं मांडलेलं होतं. विळी, कोयता, आईची शिवणाची कात्री, आप्पांचं शाईचं पेन, दादाचा पाना, माझी लाल पेन्सिलसुद्धा. लोखंडाच्या वस्तू धुऊन, तेल लावून, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. हे झालं की गाडीची पूजा. आई वाटी घेऊन अंगणात आली, मागून आम्ही सगळे. तिने तेलात बोटं बुडवली आणि काचेकडे हात नेला, बरोबर चालवणाऱ्याच्या समोरच्या जागेवर. स्वस्तिक काढणार होती. मी तिचं मनगट धरलं. आप्पांनी मान हलवून मला नको म्हटलं, ते मी पाहिलं. तरी मी बोलले. वायपरचं तेल, काचेवरचा थर, कशेळ्याचा पाऊस, पळसदरीचं शेत, सगळं एका दमात.

आईने हात खाली घेतला. तेल तिच्या बोटांवरून वाटीत ठिबकत होतं. तिने आप्पांकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चार दिवसांपूर्वी कळलं," आप्पा म्हणाले.

"आणि गप्प बसलात."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतंच. वाटतंय. मग?" आईचा आवाज चढला. मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. "वाईट वाटायला मी काय साखरेची आहे, विरघळायला? तुमची किल्ली काढून घेतली तेव्हा याने तुम्हाला विचारलं नाही. आणि तुम्ही मला विचारलं नाहीत. इतका संसार केला मी तुमच्याबरोबर, माझी एक चूक ऐकून घ्यायची माझी ताकद नाही, असं वाटलं तुम्हाला?"

आईने वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि दादाकडे वळली.

"तेल मी लावलं. शेतात गाडी गेली ती माझ्या तेलाने. ऐकलंस ना? आता किल्ली आण."

"आई, तरी पण त्यांचे डोळे..."

"डोळ्यांचं डॉक्टरांनी सांगितलंय. चांगले आहेत म्हणाले. तू होतास तिथे."

दादा आत गेला आणि किल्ली घेऊन आला. आईने ती पाटावर कोयत्याशेजारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. तेल नाही लावलं. मग ती उचलून आप्पांच्या हातात दिली.

हे सगळं आठवतं ते या दिवसांतच, हवा अशी झाली की. आता आप्पा गाडी चालवत नाहीत. गेल्या वर्षी मोतीबिंदू वाढला तेव्हा एका सकाळी त्यांनी आपणहून किल्ली माझ्या हातात ठेवली. कुणी मागितली नव्हती. मी कशेळ्याला गाडीनेच जाते, आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर त्यांना कुंभिवलीला नेऊन आणते. काच मी धुते, कुणाला हात लावू देत नाही. डंपर अजून दिवे खाली करत नाहीत. गॅरेजवाला अजून लोकांना काच बदलायला सांगतो. परवा शाळेत एक सहकारी बाई म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना हल्ली टीव्ही पुसट दिसतो, वय झालं." मी इतक्या जोरात विचारलं की त्या दचकल्या. म्हटलं, टीव्ही पुसलाय का?

खंडेनवमीनंतरच्या त्या गुरुवारी जेवण झाल्यावर आप्पांनी शर्ट घातला. मलाही सुट्टी होती. आईने लुगडं बदललं आणि कुणाला काही न सांगता गाडीत पुढे जाऊन बसली. इतक्या वर्षांत ती कुंभिवलीला एकदाही गेली नव्हती. मी मागे बसले. दादा फाटकाशी उभा होता. "उजेडात परत या," एवढंच म्हणाला. आप्पा म्हणाले, "येतो."

जाताना ऊन होतं. दाऊदभाईंनी आप्पांना बघून पटाकडे बोट दाखवलं, म्हणाले, "धूळ बसली वकील, तुमच्या राजावर." आईने पदराने तो राजा पुसला. डाव त्या दिवशी पुरा झाला, कोण जिंकलं ते आता आठवत नाही. चहा घेऊन आम्ही उजेडातच निघालो.

पळसदरीच्या अलीकडे पावसाने गाठलं. शेतं पिवळी झाली होती, चाकं गेली होती तिथे भात अजून थोडं आडवं होतं. समोरून दिवे लावून डंपर आला. आप्पांनी वेग कमी केला, गाडी डावीकडे घेतली आणि वायपर लावला. काच लख्ख झाली. डंपर गेला, त्यामागचा मोटारसायकलवाला गेला, त्याच्या मागे बसलेल्या बाईची छत्री मला मागच्या सीटवरून दिसली. वायपर जातायेता जोरात करकरत होता. आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग पुढे वाकून काचेजवळ कान नेला.

"करकरतोय," ती म्हणाली.

"करकरू दे," आप्पा म्हणाले.